येऊ नका, आठ भाषांत

"येऊ नका."

दुकानातून निघणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला काका हात जोडून एवढंच म्हणायचे. गिऱ्हाईक बिचारं सवयीनं "येतो" म्हणालेलं असायचं. आपल्याकडे निघताना कुणी "जातो" म्हणत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. भांडून निघालेला माणूससुद्धा दारात "येतो" म्हणतो. काकांकडे त्याला ठरलेलं उत्तर मिळे. "येऊ नका. भेटायचं तर रस्त्यात भेटू."

काकांचं दुकान अंत्यविधीच्या साहित्याचं होतं.

अंबरनाथ पूर्वेला आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला त्यांचा गाळा. शेजारी केकचं दुकान. दोन्हीकडे गिऱ्हाइकाला नाव आणि वेळ विचारत, त्यामुळे नवा माणूस कधीकधी चुकीच्या काउंटरला उभा राही. एकदा एक गृहस्थ काकांना म्हणाले, "नाव मोठ्या अक्षरांत लिहा, आणि मेणबत्ती वेगळी द्या." काकांनी त्यांना हाताला धरून शेजारी नेऊन सोडलं आणि सवयीनं पाठीवरून हात फिरवला. गृहस्थ मुलीच्या वाढदिवसाला निघाले होते. ते बराच वेळ काकांकडे वळून वळून बघत होते.

मी सोसायटीचा खजिनदार. नोकरीही एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हिशेबाचीच. काकांचं वर्षाचं विवरणपत्र मी भरून देत असे, म्हणून आमचं येणंजाणं. काका मूळचे पालेगावचे. जमिनीवर टॉवर उभे राहिले, भावाभावांत वाटण्या झाल्या, आणि काकांकडे राहिला तो हा गाळा आणि वरचा दोन खोल्यांचा ब्लॉक. मूलबाळ नाही. घरात काकूंशी आगरी बोलायचे आणि दुकानात ज्याची जी असेल ती. भाषा त्यांना पूर्ण येत एकही नसे. बांबू, कापड, मडकं, गाडी, किती माणसं, एवढे शब्द मात्र प्रत्येक भाषेत पक्के. तमिळमध्ये त्यांना "सावकाश" म्हणता येई, "लवकर" म्हणता येत नसे. "लागलंच नाही कधी," ते म्हणायचे.

मग ठाण्याकडची एक कंपनी बदलापूरच्या नव्या टॉवरांत शिरली. मोबाइलवर बटण दाबायचं, सगळं घरपोच. तीन पॅकेजं होती: सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम. लिफ्टमध्ये जाहिराती लागल्या. काका एका नातेवाइकाकडे गेले असताना ती जाहिरात वाचून आले आणि थेट माझ्याकडे चढले.

"साहेब, प्लॅटिनममध्ये काय करतात हो? माणूस परत येतो का?"

मी म्हणालो, "गाडीला एसी असतो."

"कुणासाठी?"

मी हिशेबाची वही उघडली. विक्रीचे आकडे माझ्याकडे होते आणि ते खाली चालले होते. टॉवरांतली गिऱ्हाइकं गेली तर दुकान दिवाळीपलीकडे जाणार नाही, हे मी काकांना कागदावर मांडून दाखवलं. दुसऱ्या कुणालाही ते कागदाशिवायच कळलं होतं, कारण एक मोमोवाला रोज संध्याकाळी दुकानासमोर उभा राहून गाळ्याची रुंदी डोळ्यांनी मोजायचा. "काका, सोचा क्या?" एवढंच विचारायचा. काका म्हणायचे, "सोच रहा हूं." मोमोवाला म्हणायचा, "आता हूं फिर." याला मात्र काका 'येऊ नका' म्हणायचे नाहीत. तो गिऱ्हाईक नव्हता.

काकांनी वेबसाइट काढायचं ठरवलं. उल्हासनगरची हर्षा नावाची एक बाई जीन्सवाल्यांच्या आणि लग्नाच्या घागरेवाल्यांच्या साइट बनवायची. चाळिशीतली, बोलण्यात तेज, आणि दर वाक्यात थोडी हिंदी, थोडी मराठी. तिनं बसल्या बसल्या सांगितलं, "अंकल, जितनी लँग्वेज, उतना धंदा. आमचा एक घागरेवाला फक्त इंग्लिशमध्ये होता. गुजराती टाकली, तमिळ टाकली, आज त्याला फोन उचलायला टाइम नाही. लोक भाव नंतर बघतात अंकल, आधी आपली भाषा बघतात."

मला हे पटलं नाही. टॉवरमध्ये राहणारा माणूस बँक इंग्रजीत करतो, तिकीट इंग्रजीत काढतो, मुलांच्या शाळेच्या नोटिसा इंग्रजीत वाचतो. एका भाषेत जे काम होतं त्याला आठपट खर्च कशाला? मराठी, हिंदी, सिंधी, गुजराती, तमिळ, मल्याळम, बंगाली आणि इंग्रजी, अशी आठ पानं मी वहीत एकाखाली एक लिहिली आणि सातांवर काट मारून काकांपुढे ठेवली.

काकांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "साहेब, तुम्ही ऑफिसात इंग्रजी वाचता. त्या दिवशी वाचून बघा."

झालं. आठ म्हणजे आठ.

पुढचा प्रश्न मजकुराचा. हर्षा म्हणाली, एकदा इंग्रजीत लिहा, बाकीच्या भाषांत मशीन करून देईल. काकांनी नकारार्थी मान हलवली. त्यांचा नियम असा, की ज्यानं आपल्या घरातल्या माणसासाठी या दुकानातून सामान नेलंय, त्यानंच त्या भाषेचं पान सांगायचं. मग काका एकेकाकडे जाऊन बसले. विचारायचे एवढंच, "त्या दिवशी सगळ्यात आधी काय ऐकायला हवं होतं?"

आमच्याच इमारतीतल्या कदम वहिनी म्हणाल्या, "मला त्या दिवशी कुणी पाणीच विचारलं नाही हो." म्हणून मराठी पान सुरू झालं ते असं: 'आधी बसा. पाणी प्या. बाकीचं आम्ही बघतो.' गुजराती पानावर सगळ्यात वर दरपत्रक, कारण सांगणाऱ्या शेठजींना त्या दिवशी भाव विचारायची लाज वाटली होती आणि न विचारल्याचा त्रास वर्षभर झाला होता. मल्याळी गृहस्थांनी अर्ध्या नारळात लावायच्या दिव्यांबद्दल अर्धं पान सांगितलं. बंगाली मास्तरांनी वाटेत उधळायच्या लाह्या कुठे मिळतील ते सांगितलं, तर एका तमिळ आजोबांनी शंख वाजवणारा माणूस कुठे मिळेल ते. हिंदी पानाची पहिली ओळ होती, 'आपके साथ कितने लोग हैं? कोई न हो तो भी बताइए.' ती सांगणारा माणूस खोलीत एकटा राहणारा गवंडी होता, आणि त्याच्या भावाला खांदा द्यायला चौथा माणूस म्हणून काका स्वतः गेले होते. सिंधी पान हर्षानं कुणाला न विचारता स्वतः लिहून आणलं. तिच्या वडिलांचं सामान इथूनच गेलं होतं. काकांनी वाचायला मागितलं नाही, तिनंही वाचून दाखवलं नाही. इंग्रजीसाठी तसं कुणी सापडेना, म्हणून ते पान काकांनी माझ्यावर टाकलं.

आठही पानं माझ्याकडे तपासायला आली आणि मी हैराण झालो. एकाचं दुसऱ्याशी काही जुळेना. ज्या भाषा मला येत नव्हत्या त्या मी माणसं बसवून समजून घेतल्या, तरी जुळेना. दरपत्रक एकात वर, दुसऱ्यात तळाला. नारळ एकाच पानावर. पाणी एकाच पानावर.

"काका, ही भाषांतरं नाहीत. ही आठ वेगळी दुकानं आहेत."

"मग? माणसं पण आठ वेगळी आहेत," काका म्हणाले. "तुम्ही बेरीज करायला बसू नका."

खरी गंमत हर्षाच्या साच्यानं केली. साचा घागऱ्यांच्या साइटचा होता, आणि घागरा काढून तिरडी घातली तरी साच्याला त्याचं काही वाटत नव्हतं. पहिल्यांदा साइट उघडली तेव्हा पांढऱ्या कापडासमोर 'स्मॉल, मीडियम, लार्ज' आलं. मडक्याखाली लाल अक्षरांत, 'फक्त दोन शिल्लक, त्वरा करा!' कोपऱ्यात एक चौकट उगवून सांगू लागली की तुमच्या परिसरातल्या कुणीतरी नुकतीच तिरडी घेतली. आणि ऑर्डर पक्की केल्यावर पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पडून वाक्य आलं, 'अभिनंदन! हा आनंद आप्तांना कळवा.'

काकांनी चष्मा काढून पुसला. "हर्षाताई, हा पाऊस बंद कर. कळवण्याचं बटण राहू दे. ते कामाचं आहे."

हे बटण लक्षात ठेवा.

पानाच्या तळाला साच्यात होतं, 'धन्यवाद, पुन्हा अवश्य या.' काकांनी ते वाचलं आणि उभेच राहिले. त्या जागी 'येऊ नका' हवं, आठही भाषांत, आणि ते ऐकणाऱ्याला हाकलल्यासारखं वाटता कामा नये. या एका ओळीनं सगळ्यांना घाम फोडला. तमिळ आजोबांनी आपल्या मुलीला चेन्नईला फोन लावला. मल्याळी गृहस्थ म्हणाले, आमच्यातही निघताना 'जाऊन येतो' म्हणतात, त्याला नको म्हणायचं कसं? इंग्रजी ओळ माझ्याकडे होती. मी पुष्कळ खटपट केली, पण जे लिहिलं ते बँकेनं कर्ज नाकारल्यासारखं वाटत होतं.

साइट तयार झाली आणि एक नवीच अडचण उभी राहिली. ती कुणी उघडेना. काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर 'कृपया एकदा उघडून पाहा' असं टाकलं, तर पाच माणसं ग्रुप सोडून गेली. एका बाईंनी फोनच बदलला. चाचणीसाठी एक ऑर्डर टाकणं भाग होतं, आणि अर्जात पहिलाच रकाना होता, 'मृताचे नाव'. तो रिकामा सोडता येत नव्हता. माझं नाव मी देणार नव्हतो. हर्षाही देणार नव्हती.

"अंकल, कुछ भी नाम डालो ना. खोटं."

"खोटं कसं घालू? कुठलंही नाव घातलं तरी अंबरनाथमध्ये ते कुणाचं तरी असतंच. उद्या त्याला काही झालं तर?"

शेवटी रात्री उशिरा काकांनी स्वतःचं नाव घातलं. पत्ता स्वतःचा. वेळ, दुसऱ्या दिवशी सकाळी दहा. आठही पानांवरून एकेक ऑर्डर. आणि कळवण्याच्या रकान्यात त्या त्या भाषेच्या माणसाचा नंबर, म्हणजे भाषा बरोबर जाते का ते तोच सांगेल. सिंधीला हर्षाच्या मामांचा नंबर होता, इंग्रजीला माझाच. मी काकांसमोरच बसलो असल्यामुळे माझी काही फसगत झाली नाही. बाकीच्यांना अगोदर सांगायचं काम काकांनी हर्षावर सोपवलं आहे, असं काकांना वाटत होतं. हर्षाला वाटत होतं ते काका करणार आहेत.

ती सात माणसं भली होती. प्रत्येकानं निरोप आपापल्या समाजाच्या ग्रुपवर पुढे पाठवला. एवढ्या रात्री दार वाजवून किंवा फोन करून खात्री करावी असं कुणाला सुचलं नाही.

सकाळी नऊलाच मी गॅलरीतून खाली बघितलं तर फाटकाशी गर्दी. तमिळ आजोबा शंख वाजवणारा माणूस घेऊन आले होते. मल्याळी गृहस्थांच्या पिशवीत नारळ. बंगाली मास्तरांच्या हातात लाह्यांची पुडी. पालेगावची भावकी टेम्पोतून उतरत होती आणि बायकांनी रस्त्यातच हंबरडा फोडला होता. गवंडी आपल्या गावाकडची माणसं आणि चक्क बँड घेऊन आला होता. म्हाताऱ्या माणसाला त्यांच्याकडे वाजतगाजत नेतात.

काका लुंगीवर, तोंडात ब्रश धरून दार उघडायला आले.

जिन्यात चढलेली माणसं पायऱ्यांवरच थबकली. पहिला बोलला तो बँडवाला. "बजाना है के नहीं?"

काकांनी चूळ भरली. "पैसा लिया है ना? तो बजाव."

त्यानं वाजवलं. काकूंनी आधी गवंड्याला, मग काकांना, मग हर्षाच्या नावानं मोकळ्या हवेला भरपूर बोलून घेतलं आणि मग मोठ्या पातेल्यात चहा टाकला. काका मात्र आलेलं सामान तपासत बसले. कापड हातात घेऊन म्हणाले, "हे आमच्याकडचं नाही."

तमिळ आजोबांनी मान खाली घातली.

"माझ्या मयताला दुसऱ्या दुकानाचं कापड? आणि हे मडकं तर चिरलेलं आहे!"

"काका," आजोबा म्हणाले, "तुमी मेला म्हणजे दुकान बंद असणार ना? मग कुठून आणनार?"

काकांनी कापडाची घडी घालून ते बाजूला ठेवलं. मग काकूंना हाक मारून सगळ्यांदेखत म्हणाले, "ऐकलंस का? माझ्या वेळेला साइटवरूनच मागवायचं. घरचे म्हणून सूट नाही."

"आधी चहा प्या, मग मरा," काकू म्हणाल्या.

चहा झाला. माणसं उठली. एकेक जण दाराशी थांबून आपापल्या भाषेत "येतो" म्हणाला. काकांचे हात सवयीनं जोडले गेले, तोंड उघडलं, आणि थांबलं. हे दुकान नव्हतं, घर होतं. मग काका म्हणाले, "या." दुसऱ्यालाही म्हणाले, "या." त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. त्यांनाही तो नवीन असावा, कारण सगळे गेल्यावरही ते दारातच उभे होते.

त्या सकाळची बातमी बदलापूरपर्यंत गेली. जाहिरातीवर खर्च न करता एवढी प्रसिद्धी कुणाला मिळालेली मी तरी पाहिलेली नाही. काकांची साइट चालते, निरोप पोहोचतो आणि आपल्या भाषेत पोहोचतो, हे सातही समाजांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. टॉवरांतून ऑर्डरी यायला लागल्या. दिवाळी गेली आणि दुकान राहिलं. मोमोवाला समोरच्या फुटपाथवर गाडी लावून वाट बघत राहिला.

हर्षा मला दर महिन्याला आकडे पाठवायची. त्यात एक गोष्ट मला प्रथम चूक वाटली, म्हणून मी तिला दोनदा तपासायला लावली. साइट बहुतेक लोक इंग्रजीत उघडत होते. पण ऑर्डर इंग्रजीत फारशी येतच नव्हती. माणूस इंग्रजी पानावर यायचा, थोडा वेळ थांबायचा, वरच्या कोपऱ्यात जाऊन भाषा बदलायचा, आणि मग ऑर्डर द्यायचा. मी हे काकांना सांगितलं. ते सुतळीचं बंडल उलगडत होते. वर न बघताच म्हणाले, "मग इंग्रजी पान ठेवायचं. दार पण लागतंच की."

पुढच्या वर्षी पावसाळा सरल्यावर एका सकाळी काकूंचा फोन आला. त्या नुसत्या "साहेब, खाली या" म्हणाल्या. काका पलंगावर झोपले होते. डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच, म्हणाले.

मी सोसायटीचा खजिनदार. अशा वेळी कुणाला फोन करायचे, दाखला कुठून आणायचा, गाडी कुठली, हे मला पाठ आहे. पण सामान कुठून आणायचं हे डोक्यात येताच मी थांबलो. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "ते म्हणाले होते ना. साइटवरूनच."

मी फोन काढला. इंग्रजी पान उघडलं. ते मीच लिहिलेलं होतं. मी पहिली ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि ती काय म्हणते आहे ते मला कळेना. अक्षरं सगळी ओळखीची होती. मग अंगठा आपोआप वरच्या कोपऱ्यात गेला.

'आधी बसा. पाणी प्या. बाकीचं आम्ही बघतो.'

मी बसलो. काकूंनी तांब्या पुढे केला.

रकाने भरले. नाव, पत्ता, वेळ. नाव लिहिताना ते आपोआप पूर्ण झालं, कारण साइटला ते आधीपासून ठाऊक होतं. तळाला 'येऊ नका' होतं. मी बटण दाबलं.

खुंटीवरच्या काकांच्या शर्टाच्या खिशात फोन वाजला. नवी ऑर्डर आली होती.

काकू उठल्या, शर्टातून फोन काढला, त्याच खिशातून किल्ल्या काढल्या आणि खाली गेल्या. शटर वर गेल्याचा आवाज आला. सामान त्यांनी स्वतः मोजून दिलं. मडकं दोनदा वाजवून पाहिलं.

निरोप मात्र कुणी खरा मानेना. तमिळ आजोबांचा मला फोन आला, "काय साहेब, काका परत टेस्टिंग करते काय?" मी त्यांना गाडीची वेळ सांगितली. पलीकडून ते तमिळमध्ये काहीतरी म्हणाले. मला तमिळ येत नाही. मला कळलं. सगळे आले. या वेळी कापड काकांच्याच दुकानातलं होतं. बँडवालाही आला आणि त्यानं कुणाला काही विचारलं नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर काकूंनी दुकान उघडलं. मी साइटच्या नूतनीकरणाचे कागद घेऊन गेलो तेव्हा मोमोवाला काउंटरला टेकून उभा होता. फार हळू आवाजात बोलत होता. वाईट माणूस नाही तो.

"काकी, सोच लो. आता हूं फिर."

काकूंनी हात जोडले. "येऊ नका."

तो गेला. मी कागदांवर सह्या घेतल्या, किती भरायचे ते सांगितलं, चष्मा खिशात ठेवला आणि उठलो.

"येतो, काकू."

काकूंचे हात जोडायला निघाले होते. ते त्यांनी खाली घेतले.

"तुम्ही येत जा," त्या म्हणाल्या.